ओळखलं, पण पाहिलं का?

कलेच्या इतिहासाच्या अभ्यासक्रमाला मी नाव घातलं ते कलेच्या ओढीनं, असं मी सगळ्यांना सांगत आले. घरी सांगितलं, कामाच्या जागी सांगितलं, प्रवेशाच्या वेळी सरांनी विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. आता स्वतःशीच बोलायला बसले आहे तर खरं बोलायला हवं. ओढ होती, पण ती कलेपेक्षा एका प्रकारच्या माणसांची होती. संग्रहालयात सावकाश चालणारी, मूर्तीसमोर थांबून हळू आवाजात एखादंच वाक्य बोलणारी, आणि त्या एका वाक्यावरून त्यांचं घर, शाळा, घरातली पुस्तकांची कपाटं सगळं कळावं, अशी माणसं. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. त्यांच्याबद्दल मला आदर होता, की मत्सर? बराच काळ मी या प्रश्नाचं उत्तर आदर असंच देत होते.

पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापली ओळख करून दिली. कुठे राहता, यावर मी म्हणाले, पवईजवळ. साकीनाका म्हणाले नाही. पवई आमच्यापासून लांब नाही, त्यामुळे ते धड खोटंही नव्हतं, आणि म्हणूनच बोलताना जीभ अडखळली नाही. पण ज्या वस्तीत मी वाढले, जिथल्या खैरानी रोडवरच्या एका गाळ्यात हिशेब लिहून मी फी भरत होते, ती जागा मी पहिल्याच तासाला लपवली. साकीनाका म्हटलं की लोकांना आठवतो तो ट्रॅफिक, लेथचा आवाज, भंगाराचे ढीग, अगदी डोक्यावरून उतरणारी विमानं. अशा ठिकाणाहून एक मुलगी सातवाहन आणि वाकाटक शिकायला येते याचं कोणी कौतुक करील, याचीच मला धास्ती होती. कौतुक परक्याचं होतं. मला पहिल्या दिवसापासून त्यांच्यातलंच एक व्हायचं होतं.

अभ्यासक्रम अवघड होता, यात वाद नाही. ज्यांनी तो केलेला नाही त्यांना वाटतं, चित्रं बघायची, गोष्टी ऐकायच्या, त्यात अवघड काय? वर्गात अंधार व्हायचा आणि पडद्यावर एकामागून एक प्रतिमा यायच्या. भाजे, कार्ले, कान्हेरी, अजिंठा, वेरूळ, घारापुरी. मग मथुरा, गांधार, अमरावती. मग देवळं, त्यांत नागर, द्राविड, भूमिज. प्रत्येकाचं स्थळ, काळ, राजवट, दाता, दगडाची जात, तलविन्यास, मूर्तीच्या हातांतली आयुधं, मुद्रा, आसन. शैली ओळखायची तर वस्त्राच्या चुण्या बघा, ओठांची ठेवण बघा, प्रभावळ बघा. वाचायला सुसान हंटिंग्टन यांचा जाडजूड ग्रंथ, पर्सी ब्राउन, विद्या दहेजिया, आणि त्यांचे एकमेकांशी न जुळणारे कालखंड. एकच लेणं एक अभ्यासक शंभर वर्षं मागे नेणार, दुसरा पुढे आणणार, आणि दोघांची बाजू मांडून आपण आपलं मत द्यायचं. दिवसभर काम करून संध्याकाळी वर्गात बसणाऱ्याला हे पेलणं सोपं नव्हतंच. पण मी ते पेललं कसं?

गाळ्यात माझ्याकडे एक काम आलेला माल तपासून घेण्याचं आहे. टेम्पो येतो, चलन हातात घ्यायचं, नग मोजायचे, चलनावरच्या आकड्याशी ताडायचे, सही करायची. हे करून करून नजरेला असं वळण लागतं की वस्तूवरून डोळे फिरतात, पण वस्तू दिसत नाही, फक्त आकडा जुळतो की नाही तेवढं दिसतं. लेणीही मी तशीच पाहिली. पडद्यावर प्रतिमा आली की मनातल्या यादीशी ताडायची, जुळली की पुढची. या कामात मी वर्गात सगळ्यांत तरबेज होते. कुणी विचार करत असायचं, तोवर माझं स्थळ, शतक, राजवट लिहून झालेलं असायचं. ही हुशारी होती, असं मला वाटत होतं. ती हुशारी होती, की नुसता कामाचा उरक?

दोन प्रतिमा शेजारी शेजारी लावून तुलना करायला लावणं ही या विषयातली जुनी रीत. स्विस अभ्यासक व्योल्फ्लिन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती रूढ केली, आणि आजही परीक्षा त्याच रीतीनं होते. आमच्या एका चाचणीत अशी जोडी आली: कोंडिवट्याचं 9 क्रमांकाचं लेणं आणि बिहारमधल्या बराबर टेकडीतली सुदामा गुंफा. दोन्हींत आधी लांबट दालन आणि त्याच्या टोकाला एखादी गोल झोपडी दगडात उतरवावी तशी खोली. सुदामा गुंफा अशोकानं आजीविकांना दिलेली, ग्रॅनाइटमधली, भिंती आरशासारख्या घोटलेल्या, आत स्तूप नाही. कोंडिवटं बौद्धांचं, ठिसूळ, खडे मिसळलेल्या खडकातलं, आणि गोल खोलीत स्तूप. लाकडी बांधकामाची आठवण दगडात कशी राहते, यावर मी भराभर लिहिलं. भरपूर गुण मिळाले. कोंडिवटं म्हणजे आमची महाकाली लेणी, अंधेरी पूर्वेतली. माझ्या घरापासून रिक्षानं जावं इतकी जवळ. ते उत्तर लिहिलं तोपर्यंत मी तिथे पाऊल ठेवलेलं नव्हतं, आणि लिहिताना याचं मला काहीच वाटलं नव्हतं.

गुण मिळू लागले तसा माझ्यातला हलकेपणाही वाढू लागला. वर्गात निवृत्त झालेली मंडळी बरीच होती. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, मुलं मार्गी लागल्यावर राहिलेलं शिक्षण पुरं करायला आलेल्या बाई. ते प्रश्न विचारत तेव्हा मी मनात वैतागत असे. यांना वेळ आहे, पेन्शन आहे, हे हौशी लोक, यांच्यामुळे अभ्यासक्रम मागे पडतो. एका काकांना कालखंड लक्षात राहत नसत. त्यांनी चाचणीत वाकाटकांच्या जागी राष्ट्रकूट लिहिलं, हे कळलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. का बरं वाटावं? त्यांच्या चुकीनं माझे गुण वाढणार नव्हते. दुसरी एक मुलगी लांबून लोकलनं यायची, तिचे तास बुडायचे. तिनं माझ्या नोट्सची झेरॉक्स मागितली. मी म्हणाले, अजून नीट लिहून काढलेल्या नाहीत. त्या नीट लिहून, शाईनं अधोरेखित करून, माझ्या पिशवीत होत्या. कलेचा इतिहास माणसाला उदार करतो, असं मीच एका निबंधात लिहिलं होतं.

भाषेची तक्रार तर मी हत्यारासारखी वापरली. मराठी माध्यमातून आलेल्यांवर अन्याय होतो, सगळं वाचन इंग्रजीत आहे, हे मी येता-जाता बोलत असे. त्यात खोटं काही नव्हतं. इंग्रजीतलं एखादं पान समजायला मला कुणाच्याही दुप्पट वेळ लागायचा, आणि तो त्रास कुणी मोजत नाही. पण ग्रंथालयात म. श्री. माटे होते, म. के. ढवळीकर होते, गो. बं. देगलूरकर होते. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला दृश्यकलेचा चरित्रकोश होता. हे सगळं मराठीत, आणि अभ्यास करून लिहिलेलं. मी ती पुस्तकं किती उघडली? फारच थोडी. मेट्रोत हातात हंटिंग्टन असलं की समोरचा माणूस एकदा पुस्तकाकडे आणि एकदा माझ्याकडे बघतो. ते मला हवं होतं. मराठीच्या नावानं गळा काढायचा आणि मराठी पुस्तक हातात धरायला संकोचायचं, या दोन्ही गोष्टी माझ्या एकाच मनात सुखानं नांदत होत्या.

याहून अवघड कबुली परळच्या शिल्पाची आहे. परळला 1931 मध्ये रस्त्याचं काम चालू असताना एक अखंड शिळा सापडली, माणसाच्या दुपटीच्या आसपास उंचीची, पाचव्या-सहाव्या शतकातली. मध्ये शिव उभा, त्याच्यातून वर दुसरा शिव, त्यातून तिसरा, आणि बाजूंनाही तशाच आकृती फुटलेल्या, मिळून सात. पायाशी वाद्यं घेतलेले गण. मुंबईत सापडलेल्या शिल्पांत याच्या तोलाचं फार थोडं असेल. मूळ शिळा तिथल्या बारादेवीच्या देवळात आहे, पूजेत आहे. तिची साच्यातून काढलेली प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मी स्वाध्याय लिहिला तो प्रतिकृती पाहून. वेळ नव्हता, हे कारण मी मनाशी धरलं होतं. खरं कारण वेगळं होतं. प्रतिकृतीवर फुलं नसतात. तिच्यापुढे हात जोडलेली माणसं नसतात. चपला काढाव्या लागत नाहीत, कुणाला सरका म्हणावं लागत नाही. रेषा स्वच्छ दिसते, फोटो चांगला येतो. म्हणजे मला मूळ शिल्पापेक्षा त्याचा साचा आवडला होता, कारण साच्यात माणसं नव्हती. हे लक्षात आलं तेव्हा मी घाबरले. मी नक्की काय शिकत होते? दगडाबद्दल शिकता शिकता दगडासमोर उभ्या असलेल्या माणसाला अडथळा मानायला शिकत होते का?

दोष विषयाचा, असं म्हणून मोकळं होता आलं असतं. एका सत्रात इतक्या प्रतिमा कोंबल्या तर विद्यार्थी पाठांतर करणार नाही तर काय करणार? हा प्रश्न खरा आहे, आणि शिकवणाऱ्यांनीही तो स्वतःला विचारावा असं मला वाटतं. पण हाच विषय दुसऱ्या कुणी वेगळ्या रीतीनं अवघड केला आहे, हेही मला पुढे कळलं. हार्वर्डमधल्या जेनिफर रॉबर्ट्स आपल्या विद्यार्थ्यांना एकच चित्र सलग तीन तास पाहायला लावतात. त्यांनी स्वतः तसं केलं, तेव्हा चित्रातल्या मुलाच्या कानाची कड आणि त्याच्या खारीच्या पोटावरची केसांची वळणं यांचं साम्य दिसायला त्यांना 9 मिनिटं लागली, असं त्यांनी लिहिलं आहे. आयुष्यभर चित्रं पाहणाऱ्या प्राध्यापक बाईंना 9 मिनिटं. मी एका लेण्याला किती वेळ देत होते?

आणि इतक्या लांब जायचं कारण काय? आपल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधले विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्याला जात आणि भित्तिचित्रांच्या नकला करत. 1872 पासून 1885 पर्यंत हे काम चाललं. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्या तरुणांना कलेच्या इतिहासाचा पेपर नव्हता. भिंतीसमोर बसून, अपुऱ्या उजेडात, खपली निघालेल्या रंगाच्या आत बोट कुठे संपतं आणि फूल कुठे सुरू होतं ते ठरवायचं होतं. त्यांच्या नकला लंडनला गेल्या आणि 1885 मध्ये तिथे लागलेल्या आगीत त्यांतल्या बऱ्याच जळाल्या. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या नकलाही 1866 मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत अशाच गेल्या होत्या. कागद, कॅनव्हास गेले, पण जे. जे.च्या त्या पोरांनी जे पाहिलं होतं ते त्यांच्या हातात उतरलं होतं. माझ्याकडे उलटं झालं आहे. माझ्या मोबाइलमध्ये शेकडो फोटो सुरक्षित आहेत आणि हातात काही उतरलेलं नाही.

अजिंठ्यावर उभं आयुष्य घालवलेले वॉल्टर स्पिंक 2019 मध्ये गेले. अजिंठ्याची दुसऱ्या टप्प्यातली लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, अवघ्या काही वर्षांत घडली, हा त्यांचा सिद्धांत आम्हाला परीक्षेला होता. तो मी पाठ केला, त्याविरुद्धचे आक्षेपही पाठ केले. पण स्पिंक त्या मतापर्यंत आले कसे, ते पाहिलं तर दाराच्या बिजागऱ्यांसाठी केलेल्या खाचा, अर्धवट सोडलेले खांब, घाईनं मागाहून घुसवलेल्या बुद्धमूर्ती, असल्या बारीकसारीक गोष्टींतून. ज्याच्याकडे कुणी पाहत नाही ते ते पाहत राहिले. मत पटो न पटो, ते पाहण्यातून आलं होतं. माझं मत मात्र त्यांच्या मतातून आलं होतं. दोन्ही मतं उत्तरपत्रिकेत सारखीच दिसतात, ही मोठी सोय आहे, आणि धोकाही तिथेच आहे.

इथे मनात एक शंका येते आणि ती मला सहज उडवून लावता येत नाही. थांबून पाहणं ही फुरसत असलेल्यांची चैन तर नाही? महिनाअखेरीला हिशेब बंद करायचा असतो, जीएसटीची तारीख डोक्यावर असते, घरी पाणी यायची वेळ ठरलेली असते. अशा माणसाला तीन तास एका मूर्तीसमोर उभं राहा म्हणणं क्रूरपणाचं नाही का? मला अजूनही वाटतं की या शंकेत तथ्य आहे. ज्यांना वेळ विकत घेता येतो त्यांनी वेळ नसलेल्यांना सावकाशीचे धडे देऊ नयेत. पण मग मी स्वतःला दुसरा प्रश्न विचारते. जेव्हा वेळ होता तेव्हा मी काय केलं? वर्गाची क्षेत्रभेट महाकालीलाच निघाली, तेव्हा 9 क्रमांकाच्या लेण्यात आम्हाला बराच वेळ मोकळा दिला होता. मी तो सरांच्या जवळची जागा धरून ठेवण्यात आणि फोटो काढण्यात घालवला. ज्यांना मी हौशी म्हणत होते ते काका तेवढ्या वेळात खाली बसून वहीत जाळीचं चित्र काढत होते. त्यांच्याकडे पेन्शन होती, हे खरं. पण त्या दालनात त्यांच्याकडे आणि माझ्याकडे वेळ सारखाच होता.

नंतर मी एकटी गेले. आता ठरवून पाहायचं, असा काही संकल्प नव्हता. प्रकल्पासाठी एक माप चुकलं होतं, तेवढं घ्यायचं होतं. महाकालीला टेकडीच्या दोन अंगांना मिळून 19 लेणी आहेत, एका बाजूला 15 आणि दुसऱ्या बाजूला 4. सुट्टीचा दिवस होता. 9 क्रमांकाच्या लेण्यात एक कुटुंब आलेलं होतं, आजी, सून, दोन मुलं. मी टेप हातात घेऊन ते बाहेर निघायची वाट बघत उभी राहिले. नेहमीसारखी मनात चुळबुळ चालली होती. आजी भिंतीला हात लावून गोल खोलीत शिरल्या आणि स्तूपाभोवती फिरू लागल्या. मागून मुलं. ती फेरी पुरी होईपर्यंत मला नुसतं उभं राहावं लागलं, आणि तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की या स्तूपाभोवतीचा प्रदक्षिणापथ मी आराखड्यात तुटक रेषेनं दाखवला होता, त्याची रुंदी लिहिली होती, त्यावर परिच्छेद लिहिला होता, पण त्यावरून मी चालले नव्हते.

ते गेल्यावर मी आत गेले. बाहेरच्या दालनातून समोर वाकलेली भिंत दिसते, मध्ये दार, दोन्हीकडे दगडात कोरलेल्या जाळ्या. आत पाऊल टाकलं की उजेड एकदम उतरतो, जाळीतून येईल तेवढाच उरतो. स्तूप आणि भिंत यांच्यात जेमतेम एका माणसाला चालता येईल एवढी वाट आहे. हात आपोआप भिंतीवर जातो, कारण पायाखालचं नीट दिसत नाही. खडक खडबडीत आहे, त्यात अडकलेले दगडाचे लहानमोठे तुकडे बोटांना लागतात. आणि त्या वाटेवरून फिरताना स्तूप पूर्ण असा कधीच दिसत नाही. इतक्या जवळून त्याची फक्त एक बाजू दिसते, ती मागे पडते, दुसरी येते. आमच्या पडद्यावरचा स्तूप दारातून, समोरून, सबंध घेतलेला होता. फेरी घालणाऱ्यानं तो तसा पाहिलाच नसेल. ही खोली ज्यांनी खोदली त्यांना काय घडवायचं होतं? एक वस्तू, की एक चालणं? याचं खात्रीचं उत्तर माझ्याकडे नाही. पण हा प्रश्न मला कुठल्याही पुस्तकातून मिळाला नव्हता. तो मला आजींच्या मागे थांबल्यामुळे मिळाला, आणि मी तर त्या लवकर जाव्यात म्हणून थांबले होते.

त्याच दालनाच्या बाजूच्या भिंतीवर मागाहून, सहाव्या शतकाच्या सुमाराला कोरलेल्या बुद्धमूर्ती आहेत. म्हणजे काही शतकांनी आलेल्या लोकांना नुसता स्तूप पुरेसा वाटेनासा झाला, त्यांना चेहरा हवासा वाटला. जाळीच्या वरच्या बाजूला ब्राह्मीत एक लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणानं आपल्या भावासह विहाराचं दान दिलं, असं तो सांगतो. दात्याचं गोत्र राहिलं, ज्यांनी छिन्नी चालवली त्यांचं काही राहिलं नाही. यावर वर्गात मी फार आवेशानं बोलले होते, कारागिरांवर इतिहासानं अन्याय केला म्हणून. आणि गटानं मिळून केलेल्या प्रकल्पाच्या मुखपृष्ठावर माझं नाव पहिलं यावं, यासाठी मीच टायपिंग आपल्याकडे घेतलं होतं. जिनं सगळे आराखडे काढले तिचं नाव चौथं होतं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या अनाम माणसाबद्दल कळवळा वाटणं सोपं असतं, कारण त्याला काही द्यावं लागत नाही. शेजारी बसलेलीचं नाव वर घ्यायला मात्र आपलं नाव खाली घ्यावं लागतं.

एवढं कळल्यावर मी बदलले का? थोडी. घाई गेलेली नाही. अजूनही संग्रहालयात गेले की डोळे आधी पाटीकडे जातात आणि मग मूर्तीकडे. पण निदान पाटीकडे गेलेले डोळे आता माझ्या लक्षात येतात. साकीनाक्याहून घाटकोपरकडे मेट्रोनं जाताना असल्फ्याची टेकडी लागते. 2017 च्या अखेरीपासून स्वयंसेवकांनी तिथल्या घरांच्या भिंती निळ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांनी रंगवल्या. डब्यातले लोक फोटो काढतात, आधी मीही काढायचे. एकदा मनात आलं की हे प्रश्न इथेही विचारता येतील. हे कुणी रंगवून घेतलं? कुठे उभं राहिल्यावर ते सगळं एकत्र दिसतं? रंग एकत्र दिसतात ते मेट्रोच्या उंचीवरून. गल्लीत उभ्या असलेल्या माणसाला दिसते ती त्याच्या समोरची एक भिंत. मग हे चित्र नक्की कुणासाठी आहे? घरात राहणाऱ्यासाठी, की जाता जाता पाहणाऱ्यासाठी? त्या उपक्रमाला नावं ठेवायची माझी इच्छा नाही. तिथल्या कित्येकांना आपल्या वस्तीकडे लोक पाहतात याचा आनंदही झाला असेल. मला एवढंच म्हणायचं आहे की लेण्यांबद्दल जे विचारायला शिकले ते माझ्या रोजच्या वाटेवर विचारायला मला इतकी वर्षं लागली, कारण ती वाट मला विचारण्याच्या लायकीची वाटत नव्हती. पवईजवळ म्हणणाऱ्या बाईला साकीनाका दिसणार कसा?

पाठांतर वाईट आणि पाहणं चांगलं, असा सोपा निवाडा मी देणार नाही. तारखा पाठ नसत्या तर त्या भिंतीवरच्या बुद्धमूर्ती मागाहूनच्या आहेत हे मला कळलं नसतं, आणि आतल्या खोलीत मूर्ती का नाही हा प्रश्नच पडला नसता. सुदामा गुंफा माहीत नसती तर या गोल भिंतीचं नवल वाटलं नसतं. माहिती लागते, कष्टानं मिळवावी लागते. अवघड अभ्यासक्रमाबद्दल माझी तक्रार आता उरलेली नाही. तक्रार आहे ती माझ्याबद्दल, की अवघडपणाचा मी दागिना केला. किती वाचावं लागतं, किती जागावं लागतं, हे मी चारचौघांत मिरवलं, आणि जे खरोखर अवघड होतं, म्हणजे आपल्याला काही कळत नाही अशा अवस्थेत एका दगडासमोर उभं राहणं, ते टाळलं. कळत नाही हे मान्य केलं तर मी पुन्हा साकीनाक्याचीच ठरेन, ही भीती त्याच्या मुळाशी होती. तिथलीच तर मी आहे. यात भिण्यासारखं काय होतं?

नोट्स न दिलेल्या त्या मुलीला मी उशिरा का होईना, त्या पाठवल्या. तोवर तिची परीक्षा होऊन गेली होती. तिनं आभार मानले, आणि ते ऐकणं हीच मला मिळालेली शिक्षा होती.

या जूनमध्ये जे कुणी हा विषय घेतील, त्यांतही जे गाळ्यातून, दुकानातून, ऑफिसातून सुटून धावत वर्गात पोचतील, त्यांना माझं एक सांगणं आहे. तारखा पाठ करा, त्या लागतात. मराठी पुस्तकं उघडा, ती चांगली आहेत. नोट्स मागितल्या तर त्याच दिवशी द्या. आणि पहिलं सत्र संपायच्या आत आपल्या घराजवळचं एखादं लेणं, देऊळ, वीरगळ, काहीही एक निवडा. कान्हेरी असेल, जोगेश्वरी असेल, महाकाली असेल. मोबाइल पिशवीत ठेवा, तिथे आलेल्या माणसांना पुढे जाऊ द्या, आणि पाटी वाचण्याआधी जे दिसलं ते आपल्या भाषेत लिहून काढा. ते चुकीचं असलं तरी चालेल. पण ते तुमचं असेल, आणि अभ्यास तिथून सुरू होतो.